रुसायची जागा

घर दाखवताना आबा आधी ओल दाखवायचे.

बाकीचे घरमालक हॉलपासून सुरुवात करतात, खिडकी उघडतात, 'वारा बघा' म्हणतात. आबांनी मला सरळ मागच्या खोलीत नेलं, भिंतीवर तळहात टेकवला आणि म्हणाले, "हितं हात लावून बघा."

मी हात लावला. भिंत गार लागली.

"ओल हाय. पावसाळ्यात पोपडं पडत्यात. कपड्याचं कपाट हिकडं लावू नका." मग मोरी दाखवली. "हिचा उतार उलटा झालाय. पानी खराट्यानं ढकलावं लागतं. गवंड्याची चूक न्हाई, मीच त्याला बोलन्यात गुतवला हुता." मग स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि लगेच लावून घेतली. "ही उघडली का शेजारच्या हेडमास्तरांचं तोंड दिसतं." सगळं घर फिरून झाल्यावर ते अंगणात आले, कमरेवर हात ठेवून जरा विचार केला आणि म्हणाले, "आन् म्होरच्या खोलीत मी ऱ्हातो. माझा आवाज मोठा हाय. त्याला इलाज न्हाई."

स्वतःच्या घराची एवढी निंदा करून कुणी ते भाड्याने देत असेल यावर माझा विश्वास बसेना. पण तोवर मी दौंडात बरीच घरं पाहिली होती. खरं सांगायचं तर बऱ्याच घरांनी मला पाहिलं होतं आणि नापसंत केलं होतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मला कुरकुंभच्या एका रसायनांच्या कारखान्यात केमिस्टची नोकरी लागली होती. बायको, शैला, बाळंतपणाला कराडला माहेरी गेलेली. मुलगा झाला, बारसं झालं, तरी मी स्टेशनजवळ कारखान्यातल्या पोरांबरोबर एका खोलीत सतरंजी टाकून झोपत होतो. दर रविवारी सासऱ्यांना फोन करायचो. ते पहिलाच प्रश्न विचारायचे, "घर झालं का?" मी म्हणायचो, "बघतोय." ते म्हणायचे, "बघा. घर झाल्याशिवाय मुलगी आणि नातू मी पाठवणार नाही. आणि दिवाळीच्या आत झालं नाही तर तुम्हीच नोकरी सोडून इकडे या, माझ्या ओळखीत एक काम आहे." सासऱ्यांच्या ओळखीतलं काम म्हणजे सासऱ्यांच्या दुकानात बसणं. तेव्हा मी घर शोधत होतो असं नाही, मी पळत होतो.

कुणीतरी सांगितलं, रेल्वेलाइनच्या पलीकडे निवांतनगर म्हणून नवी कॉलनी झाली आहे, तिथे बघा. शिकली-सवरलेली वस्ती आहे. निवृत्त शिक्षक, बँकेतले साहेब, तालुक्याच्या कचेरीतले क्लार्क. कॉलनीच्या तोंडाशी पाटी होती, 'शांतता राखा'. तिच्याखाली दुसरी, 'फेरीवाल्यांस मनाई'. तिच्याखाली तिसरी, 'दुपारी बेल वाजवू नये'. शांतता तर इतकी होती की कुणाच्या कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या त्यावरून कुणाकडे पाहुणे आलेत ते सगळ्यांना कळायचं. रस्त्याने एखादा नवा माणूस चालला की पडदे वारा नसताना हलायचे.

तिथे एका बाईंनी मला दारातच विचारलं, "फॅमिली आहे ना?"

"आहे."

"मग कुठे आहे?"

"माहेरी. घर मिळालं की आणतो."

"मग आणा आणि या. आम्ही फॅमिलीलाच देतो."

"पण घराशिवाय आणू कुठे?"

"ते आमच्या हातात नाही," बाई म्हणाल्या आणि जाळीचं दार हलकेच लावून घेतलं. निवांतनगरात दारं आपटत नसत.

दुसऱ्या एका घरात माझ्या शर्टाचा वास घेतला गेला. कुरकुंभहून येणाऱ्या माणसाच्या अंगाला एक वास येतो, तो मलाही मान्य आहे. तिसऱ्या घरात मला पाणी, चहा आणि चिवडा मिळाला. जात कुणीच विचारली नाही, लोक सुशिक्षित होते. ते आडनाव विचारायचे, मग गाव, मग मूळ गाव, मग कुलदैवत, मग सणाला तुमच्याकडे काय करतात, आणि एवढं झालं की खोली कालच दिलेली असायची.

आबांचं घर कॉलनीच्या अगदी शेवटी होतं. त्यापुढे 'नियोजित उद्यान' अशी पाटी असलेला एक मोकळा प्लॉट आणि त्यापुढे नुसता माळ. आबा धनगर. उभं आयुष्य मेंढ्यांमागे गेलेलं. पुढे शेती केली, आणि कारखाने आले तेव्हा रान गेलं. त्याच्या बदल्यात जे आलं त्यातून त्यांनी हे घर बांधलं. ते स्वतः मात्र घरात झोपत नसत. अंगणात बाजेवर घोंगडी टाकून झोपायचे. पाऊस आला तर बाज ओढून पडवीत घ्यायचे, आणि थांबला की परत बाहेर.

त्यांनी मला आडनाव विचारलं नाही. शर्टाचा वास त्यांना आला असेल, पण त्यांच्याही घोंगडीला वास होता. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"मालकीन रुसती का?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "हो, रुसते की कधीमधी."

"मग रुसल्यावर कुठं जाती?"

"कुठं जाणार? आधी आम्ही एका खोलीत राहायचो. भिंतीकडे तोंड करून बसायची."

आबांनी डॉक्टरसारखी मान हलवली. "वाईट. लई वाईट." मग मला मागच्या दाराने बाहेर नेलं. तिथे एकच माणूस बसेल एवढा सिमेंटचा कट्टा होता. पाठ घराकडे, तोंड माळाकडे. वर पत्र्याची छोटी पडवी. "ह्यो रुसायचा कट्टा. घरात ही येकच चीज नीट झालीया. आमी मेंढरामागं फिरायचो तवा आमची रुसली का चालत सुटायची. लांब जाऊन धोंड्यावर बसायची, माझ्याकडं पाठ करून. मी कवा बोलवाय गेलो न्हाई. दिस कलला का आपली उठायची आन् चूल पेटवायची. आता घर बांधलं म्हंजी चारी बाजूला भिती. त्या भिंतीत मानसानं रुसायचं कुठं? राग बाहीर न्हाई गेला तर घरातच फिरत बसतो."

मी त्याच संध्याकाळी सासऱ्यांना फोन केला. घर झालं, म्हणालो. कट्ट्याचं सांगितलं नाही.

शैला बाळाला घेऊन आली आणि आठवड्याभरातच कट्ट्यावर बसली. कारण आता आठवत नाही, चूक माझी असणार. कट्ट्याचा नियम असा होता की बसलेल्या माणसाशी कुणी बोलायचं नाही, तो आपण होऊन उठेपर्यंत. आबा हा नियम फार कडक पाळायचे आणि दुसऱ्यांकडूनही पाळून घ्यायचे. तेवढ्यात मागच्या बाजूने दूधवाला आला. आबा अंगणातून ओरडले, "दूध म्होरल्या दारानं द्या! हिकडं बाई रुसल्यात!"

आबांचा आवाज माळावर घडलेला होता. या टेकडीवरून त्या टेकडीवरच्या माणसाला निरोप द्यायचा म्हणून देवाने तो दिला असावा. निवांतनगरात तो पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत गेला. पडदे हलले. हेडमास्तरांच्या बायकोने संध्याकाळी शैलाला फार मायेने विचारलं, "आता बरं आहे ना?" पण शैला तोवर कट्ट्यावरच हसायला लागली होती, त्यामुळे त्या दिवशी रुसवा पुरता झाला नाही. आबांना ते आवडलं नाही. "मधीच उठू ने," ते मला म्हणाले. "उरलेला राग म्हागं ऱ्हातो."

शेजारचे हेडमास्तर हे कॉलनीच्या सोसायटीचे अध्यक्ष. बारीक, गोरे, कायम इस्त्रीतले. शांतता ही त्यांची स्वतःची कमाई असल्यासारखे ते तिच्याकडे बघायचे. त्यांचं दुसरं प्रेम गुलाबांवर होतं. एके दिवशी ते आमच्याकडे आले.

"तुमचं बाळ दुपारी रडतं," ते म्हणाले.

"हो, रडतं," मी म्हणालो.

"ती कॉलनीची विश्रांतीची वेळ आहे. यावर काही करता येईल का? म्हणजे तुम्ही केमिस्ट आहात म्हणून विचारतो."

केमिस्टचा आणि बाळाच्या रडण्याचा काय संबंध हे मी विचारणार होतो, पण ते पुढे म्हणाले, "रविवारी सभेत विषय ठेवला आहे. भाडेकरूंबाबत एकूणच काही धोरण ठरवावं लागेल." मला कराडचं दुकान दिसायला लागलं. सासऱ्यांची गादी, वजनकाटा, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं.

आबा अंगणात दोरी वळत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. आबा बोलले नाहीत ही त्या कॉलनीतली दुर्मीळ घटना होती.

रविवारी सकाळी मी सभेला निघालो तर आबा लाल पटका बांधून तयार. खांद्यावर आमचं बाळ. शैला मागे दुपटं घेऊन. "कोकरू घेतलंय," म्हणाले, "चला."

मारुतीच्या देवळाशेजारी सोसायटीची खोली होती. सगळे खुर्च्यांवर बसले होते. हेडमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आबा, बाळाला कशाला आणलंत?"

"तक्रार ह्याची हाय न्हवं? मग ह्याच्या म्होरं बोला. कुनाच्या माघारी बोलनं बरं न्हवं."

"अहो, त्याला काय कळतंय?"

"कळत न्हाई, तर मग तक्रार कुनाची?"

हेडमास्तर उत्तर जुळवू लागले. "तसं नाही. शांतता हा आपल्या सर्वांचाच..."

"हळू," आबा म्हणाले.

त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. आबांनाही कुजबुजता येत होतं. "हळू बोला. डोळा लागलाय."

बाळ खरंच त्यांच्या खांद्यावर झोपलं होतं. मग सगळी सभा कुजबुजत चालली. अध्यक्ष कुजबुजले, चिटणीस कुजबुजले, पथदिव्यांचा विषयही कुजबुजत मंजूर झाला. खुर्ची कुरकुरली तर लोक एकमेकांकडे डोळे वटारून पाहत होते. शेवटी बँकेतले साहेब शिंकले. बाळ दचकून उठलं आणि त्याने जो टाहो फोडला तो पार स्टेशनपर्यंत गेला असेल. सगळ्या सभेने साहेबांकडे असं पाहिलं की तेच ओशाळून 'सॉरी' म्हणाले. बाळाचा विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. पुढच्या सभेत तो कुणी काढला नाही.

माझं घर वाचलं. आबांचं मात्र अजून वसलंच नव्हतं, हे मला हळूहळू कळत गेलं. त्यांची बायको त्या घरात राहत नव्हती. ती कुरकुंभच्या पलीकडे जुन्या वस्तीवर राहायची. आबा दर शनिवारी एसटीने तिला बाजार घेऊन जायचे आणि सोमवारी एकटे परत यायचे. "रुसलीया," एवढंच सांगायचे. "तिच्यासाठी तर कट्टा बांधला. पन येतच न्हाई."

एकदा मी त्यांना स्कूटरवरून सोडायला गेलो. दारापुढे आजी तूर पाखडत होत्या. काळ्या, सडपातळ, कपाळावर ठसठशीत गोंदण. मी कोण ते आबांनी सांगितलं. आजींनी मला गूळ-पाणी दिलं आणि विचारलं, "घर बरं हाय का तुमास्नी?"

"चांगलं आहे. तुम्ही या की बघायला."

"कुनाचं घर ते?"

"तुमचंच की, आजी."

"आसं म्हनत्यात." त्यांनी सुपाला एक झटका दिला. आबा गोठ्याकडे गेले आहेत हे बघून म्हणाल्या, "बाजार आनाय जातो म्हनून दौंडला जायचं, आन् बांधत हुते घर. पुरं झाल्यावर मला न्हेऊन दार दावलं. म्हनलं, कुनाचं? तर म्हनं, आपलं. मला दाराचं तोंड कुटं पायजे, चूल कुटं पायजे, कुनी इचारलं का? हितं धा मेंढरं घ्यायची आसली तरी आमी दोघं बसून बोलायचो."

सोमवारी आबा परत आल्यावर मी त्यांना हे सांगायला हवं होतं का, यावर शैलाचं आणि माझं बरंच बोलणं झालं. शैला म्हणाली, नवरा-बायकोच्या मध्ये भाडेकरूने पडू नये. आम्ही पडलो नाही.

दिवाळी झाली. आजींच्या भावाची मेंढरं दरवर्षीप्रमाणे कोकणात उतरायला निघाली. वाटेत दौंडजवळ मुक्काम. आबांनी त्याला सांगितलं, आमच्या घरामागं मोकळी जागा हाय, तिथंच तळ टाक. संध्याकाळी धूळ उडवत मेंढरं निवांतनगरात शिरली. 'शांतता राखा'च्या पाटीखालून ती बराच वेळ जातच होती. मागून बिऱ्हाड लादलेली घोडी, कुत्री, बाया, घोड्यावर बांधलेल्या कोंबड्या. आणि एका घोड्याचा लगाम धरून आजी. आबा फाटकात उभे होते. आजी त्यांच्यासमोरून सरळ 'नियोजित उद्याना'त गेल्या आणि तीन दगड मांडून चूल पेटवली.

हेडमास्तर धावत आले. इस्त्री तशीच, पण चेहरा विस्कटलेला. "आबा, हे काय आहे? हा उद्यानाचा प्लॉट आहे! तक्रार करावी लागेल! उद्या सकाळीच!"

"करा," आबा म्हणाले. "सकाळी तळ उठनारच हाय."

हेडमास्तर तरातरा गेले. थोड्या वेळाने बँकेतले साहेब आले. हातात प्लास्टिकची पिशवी. "आबा, मेंढ्यांचं खत फार चांगलं असतं म्हणतात. आमच्या कुंड्यांना थोडं..." त्यांच्या मागून चिटणीस बादली घेऊन आले. मग तालुक्याच्या कचेरीतले क्लार्क पोतं घेऊन. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सगळ्यात शेवटी, दिवेलागणीला, हेडमास्तर आले. रिकाम्या हातांनी.

"आबा," ते फार हळू म्हणाले, "आमच्या बागेत रात्रीपुरत्या काही मेंढ्या बसवता येतील का? गुलाबांना फार उपयोग होईल."

"मेंढरं वरडत्यात," आबा म्हणाले.

"ते चालतं हो."

"वास येतो."

"नैसर्गिकच आहे तो."

"आन् गुलाबाची पानं खात्यात. आधीच सांगतो, मग म्हनू नका."

"खाऊन खाऊन किती खातील?" हेडमास्तर म्हणाले. सकाळी बागेत फक्त काटे उरले होते. आणि हेडमास्तरांना कुठे तक्रारही करता येईना.

मेंढरं आली त्याच संध्याकाळी शैला बाळाला घेऊन तळावर गेली आणि आजींना चहाला बोलावून आली. आजी आल्या. बाळाला मांडीवर घेतलं, चहा प्यायल्या, आणि मग उठून पहिल्यांदाच ते घर फिरून पाहिलं. आबा दोन पावलं मागे. ओल दाखवायचीही त्यांना हिंमत झाली नाही. मागच्या दाराशी आजी थांबल्या.

"हे काय?"

"कट्टा," आबा म्हणाले. "तुला रुसायला."

आजींनी कट्ट्याकडे पाहिलं, मग आबांकडे. "मी रुसले न्हाई."

"मग?"

"रुसल्यालं मानूस कुनी मनवावं म्हनून बसतं. मला कुनी मनवायला नगं हुतं. तुमी कवा इचारताय, येवढंच बघत हुते."

शैलाने मला कोपराने ढोसलं, आम्ही आत सरकलो, पण स्वयंपाकघरातून ऐकू येत होतं. आबांचं बोलणं ऐकू येऊ नये असं घर कुणालाच बांधता आलं नसतं.

"बरं," आबा म्हणाले. "मग आता इचारतो. काय करायचं?"

"भाऊ सकाळी कोकनाकडं निगतोय. मी चालले त्येच्यासंगं. पायात जोर आसंल तर चला."

"आन् घर?"

"घरात मानसं हायती की. लेकरू हाय."

सकाळी आबांनी घराची किल्ली शैलाच्या हातात दिली. पुढच्या खोलीची पण. "भाड्याचं काय ते आमचं थोरलं पोरगं येऊन बोलंल. आन् मोरीकडं ध्यान ठेवा." बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला, काठी घेतली आणि निघाले.

तळ उठला होता. मेंढरं पुढे, कुत्री बाजूला, घोडी मागे, आणि मेंढरांच्याही पुढे आजी, झपाझप. आबा सगळ्यांच्या मागे राहिले. कॉलनीत राहून त्यांच्या चालण्याची सवय मोडली होती. वळणाच्या अलीकडे ते थांबले, गुडघ्यावर हात टेकले आणि वाकून श्वास घेऊ लागले. मेंढरांची धूळ पुढे पुढे जात होती. आम्ही फाटकात उभे होतो. शेजारच्या फाटकात हेडमास्तर, त्यापुढच्या फाटकात बँकेतले साहेब. पडद्याआडून बघायचं कुणाला सुचलं नाही, सगळे उघड्यावर आले होते.

आजींनी मागे वळून पाहिलं नाही. पण त्यांनी तोंडाने एक बारीक 'हुर्र' केलं आणि काठी आडवी धरली. पुढची मेंढरं थांबली, मग मधली, मग सगळा कळप रस्त्याच्या दोन्ही कडांना पसरून बाभळीचा पाला खायला लागला. आजी पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या, जसं काही मेंढरांना चरायचंच होतं. आबा सरळ झाले, पटका नीट केला आणि चालायला लागले. ते अगदी जवळ पोचले तेव्हा आजींनी काठी उचलली.